धबधब्याच्या वाटेवरचा परतीचा ओढा: तुम्ही काय बघून ठरवता?

सड्यावरचा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी शाहूवाडीच्या बाजूला जंगलातल्या एका धबधब्यावर गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, वाट लहान आहे आणि गाव त्याहून लहान. आम्ही चौघं, मी, बायको, मित्र आणि त्याचा ११ वर्षांचा पोरगा. सकाळी साडेसहाला कोल्हापूर सोडलं, मलकापुरात चहा घेतला, गावात एका घराच्या अंगणात विचारून गाडी लावली आणि चालायला लागलो. दीड तासाची वाट, मध्ये दोन ओढे. दुसऱ्या ओढ्याला पाणी घोट्याएवढं, एकदम नितळ, तळातले दगड मोजता येतील असं. काठावर एक टोकदार काळा दगड होता, त्यावर बसून पोरानं बुटाची लेस बांधली. हा दगड लक्षात ठेवा.

धबधब्यापाशी तासभर बसलो. आम्ही होतो तिथं पाऊस नव्हता, नुसतं धुकं. एकच्या सुमाराला बायको म्हणाली, पाण्याचा रंग बदलला बघ. खरंच बदलला होता, पांढऱ्याचा चहासारखा झालेला, आणि त्यातनं पालापाचोळा यायला लागला होता. लगेच उठलो. पण ओढ्यापाशी पोचेपर्यंत अर्धा तास गेलाच आणि तिथं तो काळा दगड दिसेना. आधी वाटलं जागा चुकली. मग कळलं की दगड तिथंच आहे, पाण्याखाली. घोट्याचं पाणी मांडीला आलं होतं आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं.

मित्र म्हणाला हात धरून साखळी करू, पाच पावलांचा तर प्रश्न आहे. खरं सांगतो, मीपण तयार झालो होतो, एक पाय पाण्यात घातलापण. तेवढ्यात पलीकडच्या काठावर डोक्यावरनं इरलं घेतलेले एक मामा आले आणि त्यांनी हाताचा तळवा खाली दाबून खूण केली, बसा म्हणून. एकदा नाही, तीनदा केली. आम्ही बसलो. २ तास ४० मिनिटं बसलो. पोरगं कुडकुडायला लागलं तेव्हा बॅगेतली कोरडी बनियन आणि भडंग एवढंच कामाला आलं. पाणी जसं चढलं तसंच उतरलं. दगडाचं टोक दिसलं तरी मामांनी लगेच येऊ दिलं नाही, वरच्या अंगाला जिथं ओढा पसरट होतो तिथनं काठी देऊन एकेकाला घेतलं.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट आहे. आपण सगळे धबधब्याची चौकशी करतो, किती उंच, पाणी आहे का, गाडी कुठवर जाते. परतीच्या ओढ्याची चौकशी कुणीच करत नाही. तुम्ही जाता तेव्हा काय बघता, कशावरनं ठरवता की आता मागं फिरायचं? अनुभव लिहा, नुसतं 'काळजी घ्या' नको.

पन्हाळ्याचा_पायी

दादा सगळे सुखरूप आलात ते महत्त्वाचं. पण साखळीबद्दल माझं मत वेगळं आहे. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला मी बऱ्याच वेळा गेलोय, त्या वाटेवर जुलैत किती ओढे लागतात जाणाऱ्याला माहितीय, आणि आम्ही दरवेळी हाताला हात धरूनच पार करतो. शेवटी १६६० च्या जुलैत मावळे त्याच पावसात रात्रीतनं गेले की. भीती घालून घेतली तर सह्याद्रीत फिरायलाच नको.

दोर_आणि_काठी

पन्हाळ्याचा_पायी, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून लिहितो, मी काही वर्षं पाण्यातनं माणसं काढायच्या कामात होतो. मोहिमेत पुढं-मागं शंभर माणसं असतात, वाट माहितीचे असतात, स्वयंसेवक उभे असतात. चौघांचं तसं नसतं.

हात धरून आडवी साखळी केली की प्रत्येकाच्या अंगावर पूर्ण धार येते. एक घसरला की शेजारच्या दोघांना ओढतो आणि कुणाचाच हात सावरायला मोकळा नसतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे धार दुप्पट झाली की जोर चौपट. त्यामुळं 'मगाशी तर घोट्याला होतं, आता गुडघ्याला आहे, थोडंच वाढलंय' हा हिशोबच चुकतो. खोलीबरोबर वेगपण वाढलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही.

कंबरेला दोर बांधून जाणं तर त्याहून वाईट. माणूस पडला आणि दोर ताणला की पाणी त्याला खाली दाबतं, वर येऊच देत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

पार करायचंच असेल तर ओढा जिथं रुंद आणि उथळ आहे तिथं, अरुंद जागी कधीच नाही. अरुंद जागा सोपी दिसते, दोन ढांगांची वाटते, पण सगळं पाणी तिथनंच दाबून जातं. खालच्या अंगाला कडा किंवा पडकं झाड असेल तर ती जागा सोडून द्यायची. तोंड पाणी येतं त्या बाजूला, पुढं काठी रोवून, आडव्या पावलांनी. बूट काढायचे नाहीत. बॅगेचा छातीचा आणि कंबरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे वेळ आली तर बॅग टाकून देता येते. आणि वाहून गेलातच तर उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर पडून पाय खालच्या दिशेला ठेवायचे आणि काठाकडं सरकायचं.

पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही आणि गुडघ्याला लागतंय, या तिन्ही गोष्टी असतील तर थांबायचं. तुम्ही २ तास ४० मिनिटं बसलात ते अगदी बरोबर केलंत.

पन्हाळ्याचा_पायी

दोराचं मला माहिती नव्हतं. आम्ही कंबरेला बांधायचो. या वर्षी निघायच्या आधी आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना हे वाचायला लावतो.

बांधावरचा

मी त्याच भागातला. इरलं घेतलेले मामा बहुतेक आमच्याच वाडीतले असणार.

आमच्याकडं लहान पोरालापण कळतंय की खाली ऊन असलं तरी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, ढग बसला की ओढ्यात उतरायचं नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतो, तो वर पडत असतो. सड्यावर माती वीतभर, खाली सगळा जांभा दगड, जून संपेस्तोवर ती माती पाणी पिऊन गच्च झालेली असते. मग पडंल ते सगळं वाहून येतं. तास-अर्ध्या तासात ओढा भरतोय आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतोय. म्हणून आमची माणसं पाण्याशी भांडत न्हाईत. वैरणीचा भारा डोक्यावर असला तरी बसून राहतात.

बघायचं काय ते सांगतो. पहिलं म्हणजे रंग. पाण्याला रंग आला की उठायचं, फोटो बास. दुसरं म्हणजे पाला, काटक्या, फेस. वरनं काटक्या यायला लागल्या म्हणजे वरचा काठ खरवडला जातोय. तिसरं आवाज. ओढ्याचा आवाज सारखा असतोय, तो जड झाला, दगड गडगडल्यासारखा आला की काठापासनं लांब. आणि जाताना पाण्याच्या कडेला एक दगड ठेवून जायचा, बरोबर पाणी टेकतंय तिथं. थोडं पुढं जाऊन परत येऊन बघायचं. दगड भिजला असंल तर त्या दिवशी धबधबा तुमचा न्हाई.

आषाढात तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस म्हणतो आम्ही, पुनर्वसू आणि पुष्य. साधारण ५-६ जुलैपासनं ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत. आमची रोपलावण त्याच दिवसात आणि तुमची गर्दीपण त्याच दिवसात. तर एक मागणं आहे. गावात सांगून जावा. कुणाच्याबी दारात थांबून एवढंच म्हणा, आम्ही इतकी माणसं वर चाललोय, अमुक वाजता येतो. आला न्हाई तर कुणीतरी बघायला येईल. रविवारी ते मामा उगाच तिथं आले नव्हते, गाडी अंगणात होती, माणसं अजून वर होती आणि ओढा चढत होता म्हणून आले.

दुसरं, बाटल्या. फुटलेली काच ओढ्यातनं खाली येते ती थेट भाताच्या वाफ्यात. लावणीला बाया अनवाणी उतरतात चिखलात. माझ्या आईच्या पायात गेल्या साली काच गेली, चार टाके पडले आणि ऐन लावणीत पंधरा दिवस घरात बसली. ते पंधरा दिवस कुणी भरून देत न्हाई.

सड्यावरचा_वारा (धागाकर्ता)

बांधावरचा, तुम्ही म्हणता ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामा सहज आले असं मी धरून चाललो होतो. अंगणात गाडी लावताना घरातल्या वहिनींनी 'किती वाजता येणार' विचारलं होतं, मी 'दोनपर्यंत' म्हणून पुढं निघालो होतो. त्यांनी ते धरून ठेवलं. आईंच्या पायाचं वाचून फार वाईट वाटलं. आम्ही चौघं पुढच्या वेळी रिकामी पोती घेऊन येतो, जेवढं उचलता येईल तेवढं खाली आणतो.

रंकाळा_संध्याकाळ

सगळं वाचलं, भीतीपण वाटली आणि जावंसंपण वाटलं. आमच्या घरी सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि त्यांना धबधबा बघायचाच आहे. लहानपणी गगनबावड्याला राहिलेल्या आहेत, म्हणतात तो आवाज कानात बसलाय. न चालता कुठं नेता येईल?

भोगावती_काठ

ताई, आईंना राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्याला न्या. रस्त्यापासून फार चालावं लागत नाही. फक्त रविवार टाळा, मधल्या वारी सकाळी नऊच्या आत पोचा. रविवारी गाड्यांची रांग लागते आणि म्हाताऱ्या माणसाला गर्दीतनं नेणं अवघड. दुसरं आजऱ्याजवळचं रामतीर्थ, हिरण्यकेशीचा धबधबा, देवळापाशी बसून बघता येतो. पण तिथं खडकावर शेवाळ बेक्कार असतं, पाण्याकडं एक पाऊलही टाकू देऊ नका.

गगनबावड्याला न्यायचं असलं तर गगनगडाच्या पायथ्यापर्यंत गाडीनं जा. करूळ आणि भुईबावडा घाटात कड्यावरनं पाणी पडताना दिसतं, पण गाडी कडेला घेऊन थांबू नका, पाण्याबरोबर दगड येतात.

आणि एक सांगायचंच आहे, कारण हे बाहेरच्यांना माहिती नसतं. राधानगरी धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं काम. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात, माणसानं बटण दाबायची वाट बघत नाहीत. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी येतं. त्यामुळं खाली भोगावतीच्या पात्रात ऊन पडलेलं असलं, पाऊस थांबून दिवस झाला असला तरी पाणी वाढू शकतं. धरण भरत आलं की पात्रात उतरून पोरांना खेळवणं, गाडी धुणं हे बंद म्हणजे बंद.

रंकाळा_संध्याकाळ

खूप आभार. बुधवारी सुट्टी टाकते.

जळू_अनुभवी

ओढ्याचं सगळं लिहून झालंय, मी बूट आणि जळवांचं लिहितो. सहा-सात हजारांचे ट्रेकिंगचे बूट घेऊन येतात लोक आणि शेवाळावर पहिल्याच पावलाला आडवे होतात. भारी बुटाचा तळ कडक असेल तर ओल्या खडकावर तो धरत नाही, शिवाय आत पाणी गेलं की एकेक बूट किलोचा होतो. मी रबरी खुट्ट्याचे स्वस्तातले बूट घालतो, बाजारात तीन-चारशेला मिळतात, चिखलात आणि उतारावर पकडतात, पाणी लगेच निघून जातं. पण सपाट काळ्या ओल्या खडकावर कुठलाच बूट चालत नाही, तिथं बसून सरकायचं आणि लाज वाटून घ्यायची नाही.

जळू लागली की ओढून काढू नका. नखानं तिच्या तोंडाकडची बाजू सरकवायची, मग मागची, सुटते. मीठ, तंबाखू, चुना हे सगळे वापरतात, त्यानं पडते पण पडताना जखमेत ओकूही शकते. नंतर रक्त बराच वेळ थांबत नाही, घाबरायचं नाही, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. धुवा, दाबून धरा, पट्टी लावा. आणि पायाला जखम असताना गढूळ पाण्यात चालला असाल आणि नंतर आठवडा-पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ते पाण्यातलं चालणं आवर्जून सांगा, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातनं जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, संशय त्यांना लवकर येतो.

रानगवा_५८

दाजीपूरच्या बाजूनं लिहितोय. इथलं जंगल १९५८ पासनं अभयारण्य आहे, राज्यातलं सगळ्यात जुन्यांपैकी, आता राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात आत जंगल सफारी बंद असते आणि लोक आडवाटेनं घुसतात, धबधबा शोधायला म्हणून. कृपा करून नको. एकतर गुन्हा आहे. दुसरं, धुक्यात दहा फुटांवरचा गवा दिसत नाही. मोठा नर ८००-९०० किलोचा असतो. एकदा मला पहाटे वाटेवर काळा खडक दिसला, आदल्या दिवशी तिथं खडक नव्हता. मग त्या खडकाच्या पायात पांढरे मोजे दिसले. गव्याचे चारी पाय गुडघ्याखाली पांढरे असतात. तो नाकातनं फुस्स करून माझ्याकडं बघत उभा, मी श्वास धरून. पाठ न दाखवता, हळूहळू मागं सरकत झाडाआड गेलो. तो आपल्या वाटेनं उतरला. ओरडलो असतो, फोन काढला असता तर आज लिहीत नसतो.

बाकी त्या पहाटे ओढ्यावर शीळकरी कस्तूर गात होता. पाण्याच्या आवाजावरनं माणसाच्या शिळेसारखी शीळ, पण सूर मध्येच वळतो. धबधब्यापर्यंत न जातापण एवढं कानावर पडतं.

नवखी_२१

मी कॉलेजला आहे, आमचा ग्रुप रविवारी बर्कीच्या धबधब्याला निघालाय. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आहे म्हणतात पण कोल्हापुरात तर ऊन आहे. मी एकटीच नको म्हणतेय आणि सगळे मला भित्री म्हणतात. काय सांगू त्यांना?

दोर_आणि_काठी

ताई, तू बरोबर आहेस. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस धरतात. ऑरेंज म्हणजे साधारण त्या मधल्या गटाची तयारी ठेवा. शहरातलं ऊन काही सांगत नाही, घाटमाथा वेगळा. भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले ५ जण गेले, तोपण रविवारच होता. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी वाढत गेलं. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू नकोस, फक्त एवढं सांग की ते सगळे एकमेकांना घट्ट धरून होते.

आणि धबधब्याच्या खालच्या डोहात पोहायचं असं कुणी म्हणालं तर हेपण सांग. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्या फेसात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, पट्टीचा पोहणारापण खाली जातो. वरनं दगड येतो तो वेगळाच. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे का तेही बघा, असली तर विषय संपला.

बांधावरचा

नवखी ताई, बर्कीला गावाजवळच पूल आहे, मोठ्या पावसात त्यावरनं पाणी जातंय. मग आत गेलेली माणसं आतच. धबधबा कुठं पळून जात न्हाई. गणपती झाले की या. पाऊस कमी, पाणी नितळ, सड्यावर सोनकी, तेरडा, सीतेची आसवं फुललेली असतात, चालायला मजा येते.

नवखी_२१

ग्रुपवर वाचून दाखवलं. दोघी माझ्या बाजूला आल्या. बाकीच्यांनीपण पुढं ढकललंय, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरलं.

रंकाळा_संध्याकाळ

बुधवारी राऊतवाडीला जाऊन आलो. साडेआठला पोचलो, तेव्हा आम्ही आणि एक चहावाला एवढेच. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, छत्री धरली. त्या काही बोलल्याच नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, आमच्या घरामागं असाच आवाज यायचा, आई म्हणायची आवाज वाढला की गोठ्याचं दार लावा. भोगावती_काठ, तुमचे मनापासून आभार.

सड्यावरचा_वारा (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. काल पुन्हा त्याच वाटेला गेलो, तेच चौघं, बरोबर चार पोती. आधी त्या घरी गेलो, वहिनींना सांगितलं बारापर्यंत येतो. मामांसाठी टॉर्च नेली होती, ते घेईनात, शेवटी पोरानं हातात दिली तेव्हा घेतली.

पहिल्या ओढ्यापासून बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, एक चप्पल, थर्माकोलच्या प्लेटा असं गोळा करत गेलो. दुसऱ्या ओढ्याला पोचलो तेव्हा पाणी नितळ, घोट्याच्या जरा वर. काळा दगड आपल्या जागी. पोरानं पाण्याच्या कडेला मुठीएवढा एक पांढरा दगड ठेवला. आम्ही ओलांडलं नाही, अलीकडंच बसून डबा खाल्ला, नाचणीची भाकरी आणि खर्डा. वीस मिनिटांनी तो बघून आला आणि म्हणाला, बाबा, दगड भिजलाय. पाण्याला अजून रंग आला नव्हता, डोक्यावर पाऊसपण नव्हता, पण सड्याकडचं काही दिसत नव्हतं, सगळं पांढरं.

पोती उचलली आणि फिरलो. धबधबा पलीकडं झाडीमागं वाजत होता, ऐकू येत होता. गावात पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. वहिनींनी चहा टाकलेला होता.